समोरच्या टोकाची रांगही मोजा

दोन टर्मिनलांमध्ये आपली एकच गाडी आहे, बारा प्रवासी जमेपर्यंत आपण ती थांबवता आणि तरीही तक्रारी वाढत आहेत, हे वाचून मला माझाच जुना पेच आठवला. मीही आकडा ठरवून गाडी रोखत असे, आणि तो आकडा फक्त गाडी उभी असलेल्या टोकाचा असे. इथे सात जण, म्हणून गाडी थांबलेली. तिकडे पंधरा जण ताटकळत, आणि गाडी सुटल्यावरही ती पोहोचेपर्यंतची आठ मिनिटे त्यांच्या वाट्याला येणारच. तिकडची रांग जितकी मोठी, तितक्या कमी प्रवाशांवर इथून गाडी सोडली पाहिजे, प्रसंगी रिकामीसुद्धा. एकाच टोकाला रोखता येणाऱ्या शटलचे, म्हणजे दोन टोकांत ये-जा करणाऱ्या गाडीचे, गणित इग्नॉल आणि कोलेसार या संशोधकांनी १९७४ मध्येच मांडले होते. ते मला फार उशिरा कळले.

चूक उमगल्यावरही ती सुधारायला बरेच महिने गेले. आमचा हिशेब ज्या कार्यालयात जाई, तिथे दर फेरीला किती जागा भरल्या एवढेच पाहिले जाई. रिकामी फेरी कागदावर तोटा म्हणून दिसे, प्रवाशांनी उभ्याने काढलेली मिनिटे मात्र कुठेच दिसत नसत. त्यांच्यासाठी एक रकाना जोडावा, अशी मी तीनदा लेखी विनंती केली. एकदाही उत्तर आले नाही. त्याचा संताप मला आजही येतो.

प्रवाशांच्या आकड्याबरोबर गाडी जास्तीत जास्त किती वेळ रोखायची, हेही ठरवून ठेवा. दर १० मिनिटांनी गाडी सुटली, तर वेळापत्रक न पाहता येणाऱ्या प्रवाशाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. तीच आळीपाळीने ५ आणि १५ मिनिटांनी सुटली, तर फेऱ्या तेवढ्याच राहूनही सरासरी ६.२५ मिनिटांवर जाते, कारण अधिक लोक मोठ्या खंडातच येऊन पोहोचतात.

माझा अनुभव एकाच गाडीचा आहे. आपले प्रवासी ठरावीक वेळेच्या पुढच्या गाडीसाठी जात असतील, किंवा गर्दीत जागाच अपुऱ्या पडत असतील, तर हे जसेच्या तसे लागू करू नका. पण माझ्या मते पहिला खर्च समोरच्या टोकाला रांग मोजून दर दोन मिनिटांनी फोन करणाऱ्या माणसावर करावा; मोठी गाडी घेण्याचा विचार त्यानंतर.