साइटवरची तात्पुरती लाइट: पहिल्यांदा घेताय तर

भाऊ, हॅलोजनच्या नादाला लागू नका. ५०० वॅटच्या एका हॅलोजनच्या विजेत ५० वॅटचे दहा एलईडी फ्लडलाइट चालतात. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेचा स्लॅब रात्रीच टाकायचा, त्यात डोक्यावर भट्टी कशाला? फिटिंगवर आयपी ६५ बघून घ्या. धूळ, पाणी दोन्ही झेपतं.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- एकच मोठा दिवा. सळईची सावली पडते, पाय अडकतो. समोरासमोर दोन लावा.
- वायर जमिनीवर. जुळे सोलापूरला घमेल्याच्या काठानं माझी केबल सोलली, तांबं सळईला टेकलं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, पडला म्हणून निभावलं. तो बसवल्याशिवाय बटण दाबूच नका. केबल तीन कोअरची (फेज, न्यूट्रल, अर्थिंग), बांबूवरून वर न्या.

जनरेटरचं नंतर बघू.