जुन्या टोयोटा सिएनातलं घड्याळ कसं लावायचं?

बॅटरी बदलल्यावर तुमच्या २००२च्या सिएनाचं घड्याळ १:०० दाखवतंय, त्यात बिघाड काही नाही. वीज तुटली की ते तिथूनच सुरू होतं. किल्ली ‘एसीसी’वर (इंजिन बंद ठेवून रेडिओ, घड्याळ वगैरे चालू करणाऱ्या खुणेवर) फिरवा, इंजिन नको. ‘एच’ कळीने तास, ‘एम’ने मिनिटं.

खरी कामाची कळ ‘:००’. घड्याळात ७:०१ ते ७:२९ असताना दाबलीत तर ७:०० होतात, ७:३०पासून पुढे थेट ८:००. फोनवर तास पूर्ण होतो त्याच क्षणी दाबा, घड्याळ अचूक लागतं. अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा ‘एच’ एकदाच दाबायचं. नोव्हेंबरमध्ये ती तासभर मागे घेतात, तेव्हा मात्र अकरा वेळा, कारण ‘एच’ने तास मागे जातच नाही. सावकाश मोजत दाबा. आणि हो, दिवे लावल्यावर अंक मंद होतात, ते तसंच असतं.