कंपनीतल्या बीपी शिबिराला गर्दी, मग फेरतपासणीला कामगार का फिरकत नाहीत?

मुख्य कारण म्हणजे बीपी दुखत नाही. १५०/१०० असूनही माणसाला ठणठणीत वाटतं. त्यात तपासणी शिफ्ट सुटल्यावर ठेवतात. कंपनीची बस सोडून कोण थांबणार? तपासणी कामाच्या वेळेत, पगार न कापता ठेवा. आकडे एचआरकडे जाणार नाहीत हे लेखी द्या (ही भीती हसण्यावारी नेऊ नका).

पण हजेरी लागली म्हणजे गोळ्या पोटात गेल्या असं नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलाद कामगारांना कारखान्यातच डॉक्टर दिले, तरी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळ्या घेण्याचं प्रमाण वाढलं नाही. नंतर गोळ्या टाळणाऱ्यांना घरी बीपी मोजायला लावलं, गोळीची वेळ रोजच्या सवयींशी जोडून दिली, नियमित पाठपुरावा केला. तेव्हा कुठे फरक पडला.