आजोबांच्या पेढीतली शेकडो जुनी टपाल तिकिटे दिसायला एकसारखीच आहेत. प्रत्येकी एक ठेवून बाकीची देऊन टाकू का?

नका देऊ. आणि आज रात्री ती पाकिटांवरून सोडवायला पाण्यातही टाकू नका, कारण त्यानंतरचे उत्तर वाचून उपयोग राहणार नाही.

तुम्ही लिहिले आहे की चाटी गल्लीतल्या कापडाच्या पेढीचा जुना पत्रव्यवहार सापडला, त्यात पंचम जॉर्जची हिरवी, तांबडी, चॉकलेटी आणि सहाव्या जॉर्जची जांभळी तिकिटे गठ्ठ्यांनी आहेत, काही पाकिटांवर आणि काही कापून ठेवलेली. एका नातेवाइकाने "डुप्लिकेट माल" म्हणून मुलांना वाटून टाकायला सांगितले. मी सोलापुरातच गेली पंचवीस वर्षे हा नाद करतो आहे. माझ्या मते दुर्मिळ तिकीट एकटे सापडले तर त्याची किंमत होते, पण अभ्यास होतो तो अशा ढिगावरच. एक तिकीट तुम्हाला चित्र दाखवते. तीनशे सारखी तिकिटे शेजारी मांडली की ती कशी छापली, कुठे छापली, कोणत्या कागदावर छापली हे दिसायला लागते.

सुरुवात वॉटरमार्कपासून करा, कारण तुमच्या ढिगात तो लगेच फळ देईल. कागद तयार होताना ओल्या लगद्यावरून तारेच्या नक्षीचा रूळ फिरतो. नक्षी जिथे दाबते तिथे कागद किंचित पातळ होतो, तीच खूण. पंचम जॉर्जची तिकिटे 1911 पासून लंडनला डी ला रू कंपनीत छापली जात. त्यांच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एकच तारा आहे. मग नाशिकला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि 1926 पासून तीच तिकिटे तिथे छापायला लागली. नाशिकच्या कागदात लहान लहान तारे ओळींनी पसरलेले असतात, एका तिकिटामागे त्यातले अनेक, काही अर्धेमुर्धे. पुढून बघाल तर राजा तोच, रंग जवळपास तोच. मागून बघाल तर एक तिकीट सातासमुद्रापलीकडून बोटीने आलेले आणि दुसरे नाशिकरोडहून. मला हे पहिल्यांदा दिसले तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागा होतो.

बघायचे कसे? आधी तिकीट पालथे घालून काळ्या पृष्ठावर ठेवा. दुकानातला ट्रे विकत घ्यायची गरज नाही. ओटा करताना उरलेला कडप्प्याचा गुळगुळीत तुकडा घरात असतो, तो छान चालतो. अर्ध्या तिकिटांत तारा तेवढ्यानेच दिसतो. नाही दिसला तर पेट्रोलियम इथरचे किंवा लायटरमध्ये भरायच्या द्रवाचे दोन थेंब टाका. कागद भिजतो, पातळ भाग गडद दिसतो आणि काही सेकंदांत द्रव उडून जातो. तिकिटाला किंवा मागच्या गोंदाला सहसा काही होत नाही. मात्र काही ग्रॅव्हियर छपाईच्या, म्हणजे खोलगट ठशावरून केलेल्या छपाईच्या, शाया यात विरघळतात, म्हणून आधी एखाद्या फाटक्या तिकिटावर करून पाहा. हा द्रव भयंकर पेट घेतो. खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद ठेवा, आणि देवघरात समई तेवत असेल त्या वेळी त्या खोलीत हे काम अजिबात करू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत न वापरलेली, गोंद असलेली तिकिटे आपोआप सुरळी होतात. ती सरळ करायला बोटाने दाबू नका, मोडतात. असे काम सकाळी लवकर करा.

तारा उलटा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. छापताना ताव उलटा घातला गेला की उलटा वॉटरमार्क येतो, आणि पंचम जॉर्जच्या तिकिटांत ते बऱ्यापैकी नेहमीचे आहे. वेगळे काढून ठेवा, इतकेच.

आता तुमच्या चॉकलेटी तिकिटांकडे. त्यातली दीड आण्याची भिंगाखाली धरा. 1919 साली आलेल्या पहिल्या तिकिटावर इंग्रजीत "वन अँड अ हाफ आना" असे एकवचन आहे, 1921 मध्ये ते बदलून "आनाज" असे अनेकवचन केले. आपल्या कानाला पहिलेच बरोबर वाटते, आपण "दीड आणा"च म्हणतो, "दीड आणे" कुणी म्हणत नाही. 1922 मध्ये दीड आण्याचा रंग गुलाबी झाला आणि चॉकलेटी रंग एक आण्याकडे गेला. म्हणजे चॉकलेटी ढिगात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असू शकतात, आणि नुसत्या रंगावरून गठ्ठे बांधले तर तिन्ही हरवतात.

सहाव्या जॉर्जच्या जांभळ्या तिकिटांत मला सर्वांत जास्त रस आहे. युद्धकाळात आलेल्या लहान आकृतीच्या मालिकेत दीड आणा आणि तीन आणे ही दोन तिकिटे आधी लिथोने, म्हणजे सपाट पृष्ठावरून, छापली आणि नंतर उठावाच्या ठशावरून. चित्र तेच. फरक हाताला आणि डोळ्याला कळतो: उठावाच्या छपाईत ठसा कागदात रुततो, तिरप्या उजेडात तिकिटाच्या पाठीवर रेषांचे हलके वळ दिसतात आणि रेषेच्या कडेला शाई दाटते. लिथोत पाठ सपाट असते आणि रेषा जास्त नाजूक. तुमच्याकडे तावाची कड लागलेले तिकीट असेल तर सोन्याहून पिवळे. उठावाच्या तावांना कडेने बहुधा रंगीत रेघ असते, तिला ज्युबिली लाइन म्हणतात. लिथोच्या तावांना ती नसते. कड म्हणजे कचरा असे समजून ती फाडणारे मी पाहिले आहेत आणि दर वेळी हळहळलो आहे.

प्लेटचा, म्हणजे ज्यावरून अख्खा ताव छापतात त्या ठशाचा, अभ्यास यापेक्षा सावकाश चालतो. एका तावातले प्रत्येक तिकीट प्लेटवरच्या आपापल्या जागेवरून छापले जाते आणि त्या जागेला ओरखडा किंवा टवका असेल तर तो प्रत्येक तावावर त्याच जागी उमटतो. ब्रिटनच्या 1840 च्या पेनी ब्लॅक या काळ्या तिकिटात 240 तिकिटांच्या तावात खालच्या कोपऱ्यांत अक्षरे घातली होती, त्यामुळे जागा सरळ वाचता येते. आपल्या 1854 च्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटात अशी सोय नाही. ती कलकत्त्याला सर्व्हे कचेरीत कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली दगडावरून छापली, तावात 96 तिकिटे, आणि जागा ओळखायची ती दगडावर चित्र उतरवताना राहिलेल्या बारीक खोडींवरूनच. कागदात ईस्ट इंडिया कंपनीचे भलेमोठे बोधचिन्ह होते, अख्ख्या तावावर पसरलेले, त्यामुळे सुट्या तिकिटावर त्याचा एखादा तुकडाच येतो.

तुमच्या ढिगात एखाद्या राजाच्या गालावर पांढरा ठिपका दिसला तर काय समजायचे? एकाच तिकिटावर असेल तर छापताना कागदावर धूळ बसली असेल. तोच ठिपका त्याच जागी दुसऱ्या तिकिटावर सापडला तर शंका घ्यायची, तिसऱ्यावर सापडला तर प्लेटचा दोष म्हणून वहीत नोंदवायचा. आता सांगा, प्रत्येकी एकच तिकीट ठेवले असते तर दुसरे आणि तिसरे कुठून आणले असते?

कागदाबद्दल थोडक्यात. उजेडासमोर धरून वीण बघा, जाडी बोटांना जाणवते, आणि तिकीट किंचित दमट केले की ते कोणत्या दिशेने वळते यावरून कागदाच्या तंतूंची दिशा कळते. खडूचा लेप असलेला कागद ओळखायला चांदी घासून बघतात असे तुम्हाला कुणी सांगेल. करू नका. काळी रेघ उठते ती कायमची.

स्वातंत्र्यानंतरचीही तिकिटे असतील. 1948 ची गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापली, त्यांत वॉटरमार्क नाहीच, म्हणून ती खोटी समजू नका. 1949 चे एक आण्याचे बोधिसत्त्वाचे तिकीट चित्र आरशातल्यासारखे उलटे घेऊन छापले होते, 1950 मध्ये ते सुलट केले. दोन्ही शेजारी ठेवा, हात विरुद्ध बाजूंना दिसतील. आणि नव्या पैशांची नकाशाची मालिका 1957 मध्ये ताऱ्यांच्या कागदावर निघाली, 1958 पासून त्याच तिकिटांमागे अशोकस्तंभाचे सिंह येऊ लागले.

पाण्यात टाकू नका असे मी आधीच म्हटले, त्यामागे माझी स्वतःची चूक आहे. नववीत असताना शेजारच्या आजींनी मला एक पिशवीभर जुनी पाकिटे दिली होती. मी सगळी तिकिटे बादलीत भिजवून सोडवली, वर्तमानपत्रावर वाळवली आणि पाकिटे बंबात घातली. तिकिटे आजही माझ्याकडे आहेत. शिक्क्याचा पाव हिस्सा तिकिटावर राहिला, तारीख पाकिटाबरोबर जळाली. कोणता कागद किंवा कोणती छटा आपल्या गावात केव्हा वापरात होती हे सांगणारा दुसरा पुरावा नव्हता. त्या आजी गेल्या, आता विचारणारही कुणी नाही.

तुमच्या पाकिटांवर ते शिक्के अजून शाबूत आहेत. जुन्या शिक्क्यांवर इंग्रजीत "शोलापूर" असे वाचाल, गोंधळू नका, ते आपलेच गाव. पाकिटे तारखेप्रमाणे लावा. 1926 च्या सुमाराची वेगळी काढा आणि जी तिकिटे पाकिटावर आहेत त्यांना द्रव न लावता नुसत्या तिरप्या उजेडात आणि मागून टॉर्च धरून बघा. पाकिटाच्या कागदातून तारा दिसणे अवघड जाईल, तिथे घाई करू नका. सुट्या तिकिटांवर नजर बसली की छटेवरूनही अंदाज येऊ लागतो. पण ज्या पाकिटांवर शिक्का बाहेरगावचा असेल, म्हणजे तिथल्या कापसाच्या गिरणीचे किंवा आडत्याचे पत्र असेल, ती दुसऱ्या गावाची साक्ष आहेत, त्यांचा गठ्ठा वेगळा बांधा.

तारखेप्रमाणे लावून झाले की पहिल्या पन्नास पाकिटांची यादी इथेच खाली लिहा: तारीख, शिक्क्यावरचे गाव, किंमत, रंग. नाशिकचे तिकीट तुमच्या आजोबांच्या पेढीत पहिल्यांदा कोणत्या महिन्यात आले हे आपल्याला त्या यादीतून कळू शकते, आणि मला ते मनापासून जाणून घ्यायचे आहे.