गुडघा बदलून घरी आलात, आता पुढे

काका, ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असं मलाही वाटलं होतं. खरी मेहनत घरी आल्यावरच असते.

सगळ्यात आधी गुडघ्याखालची ती उशी काढा. बरं वाटतं, मान्य. पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि नंतर पुरता सरळ होत नाही. त्यापेक्षा टॉवेलची गुंडाळी टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी ठेवा, मांडी आवळा आणि पाच आकडे मोजा. मी हे बातम्या बघता बघता करायचे. जाहिराती लागल्या की दहा वेळा.

वाकवायला पलंगावर टाच मागे सरकवायची. खुर्ची आणि जिना यांना साधारण 90 ते 100 अंश लागतात, म्हणून इथे कंटाळा नको. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाआधी अर्धा तास घेतलेली बरी, हे त्यांना विचारून घ्या. नंतर फडक्यात गुंडाळून बर्फ, 15-20 मिनिटं.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी ऑपरेशनच्या पायाच्या उलट बाजूच्या हातात. मी आठवडाभर चुकीच्या हातात धरून मिरवत होते, फिजिओबाईंनी हसून काढून घेतली!

पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखली तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रक्ताची गुठळी असू शकते.

तोल सावरायचा सराव फिजिओ सांगतील तेव्हाच, आणि तोही ओट्याला धरून. चहा उकळेपर्यंत.