कानात पाणी आणि पोरगं सारखं पडतंय

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, दोन महिन्यांपूर्वी सर्दी झाली तेव्हा तपासताना कळलं की दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलंय. ताप नाही, कान दुखत नाही. पण तेव्हापासून तो सारखा पडतो, दाराच्या चौकटीला धडकतो, जिना उतरताना कठडा सोडत नाही आणि अंधारात तर माझा हात धरूनच चालतो. घरात सगळे म्हणतात धांदरट आहे, मोठा झाला की सुधारेल. कानाचा आणि पडण्याचा खरंच काही संबंध असतो का?

उत्तर : असतो हो, आणि आधी ते धांदरट म्हणणं बंद करा. तोल सांभाळायची एक महत्त्वाची यंत्रणा आतल्या कानात असते, ३ अर्धगोल नळ्या आणि २ बारीक पिशव्या, आणि ती मधल्या कानाला लागूनच, मध्ये फक्त २ नाजूक खिडक्या. मधल्या कानात हवेच्या जागी चिकट पाणी बसलं की दाब बदलतो आणि त्याचा त्रास आतपर्यंत पोचतो असं मानतात. मग मूल डोळ्यांच्या भरवशावर चालतं, म्हणून अंधारात गडबड, तुम्ही बरोबर हेरलंय. मोठा माणूस चक्कर येते म्हणून सांगेल, हे एवढंसं पोर काय सांगणार, त्याला वाटतं सगळ्यांनाच असं होतं.

बहुतेक मुलांचं पाणी ३ महिन्यांत आपोआप जातं. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या औषधांनी ते लवकर जात नाही, आणि कानात थेंब घालून तर नाहीच, कारण पाणी पडद्याच्या पलीकडे आहे! ३ महिन्यांनीही राहिलं तर टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का हे बघायची टेस्ट, आणि ऐकण्याची टेस्ट करून घ्या. आणि तेव्हा पडण्याबद्दल स्वतःहून सांगा, पालक फक्त ‘ऐकू कमी येतं, टीव्हीचा आवाज वाढवतो’ एवढंच सांगतात. पडद्यात ग्रोमेट म्हणजे बारीक नळी बसवायची की नाही हे ठरवताना तोलाचा त्रासही धरतात. ती साधारण ६ ते १८ महिन्यांत आपोआप गळून पडते, आणि पाणी निघालं की बऱ्याच मुलांची चाल सुधारते.

पण सगळं खापर कानावर फोडू नका. उलट्या, सकाळची डोकेदुखी, एकाच बाजूला कलणं, डोळे थरथरणं, तोंड वाकडं होणं, किंवा पडणं दिवसेंदिवस वाढत जाणं, यातलं काहीही दिसलं तर ३ महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवा. तोवर रात्री पॅसेजमधला लाइट चालू ठेवा आणि पोहायला नेलंत तर हाताच्या अंतरावरच राहा, पाण्याखाली वर कुठे खाली कुठे हे अशा मुलांना पटकन कळत नाही.