खाच बदलून स्प्रिंग मऊ होत नाही

प्रश्न : मी नागपूरच्या मनीषनगरातून रोज मोटारसायकलने बुटीबोरीला ये-जा करतो आणि सुटीच्या दिवशी पत्नीसह रामटेकला जातो. गाडी १५० सीसीची, सात वर्षे जुनी असून मागे दोन शॉकअप आहेत. सिमेंट रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर कंबरेला दणका बसतो. एका मिस्त्रींनी शॉकअप सर्वांत मऊ खाचेवर आणून दिले, तर डबलसीट जाताना टायर मडगार्डला घासू लागला. दुसरे मिस्त्री महागड्या गाडीचे गॅसवाले शॉकअप बसवायला सांगतात. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : शॉकअपमध्ये वजन पेलते ती स्प्रिंग, आणि दबलेल्या स्प्रिंगची उसळी आवरतो तो आतल्या तेलाचा डँपर. आपल्या गाडीत यांपैकी काय बिघडले आहे, हे अद्याप कोणी तपासलेले दिसत नाही. गाडीचा मागचा भाग जोरात दाबून सोडावा. तो वर येऊन लगेच स्थिरावला नाही, दोन-तीनदा डोलत राहिला किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर डँपर संपला असे समजावे. सिमेंट रस्त्याचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वेगाने सेकंदाला जवळजवळ तीन दणके. थकलेला डँपर एक दणका जिरवण्याआधीच दुसरा येऊन आदळतो.

स्प्रिंगच्या टोकाशी असलेली खाचांची कॉलर (कडी) फिरवल्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त गाडी मागून किती खाली बसते ते बदलते. कमी खाचेवर गाडी आधीच इतकी खाली बसते की दणक्यासाठी जागाच उरत नाही. आपला टायर घासला तो त्यामुळेच. मेन स्टँडवर, मागचे चाक अधांतरी असताना, ॲक्सलपासून सीटखालच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग आपण नेहमीच्या सामानासह गाडीवर बसून दुसऱ्या कोणाकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्यावे. चाकाच्या एकूण हालचालीच्या जवळपास ३० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर हालचाल असेल तर २५ ते ३० मिलिमीटर, फरक योग्य मानतात. तेवढा फरक साधण्यासाठी कॉलर शेवटच्या खाचेपर्यंत न्यावी लागली आणि रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ खालीच बसत नसेल, तर स्प्रिंग आपल्या वजनाला मऊ पडते आहे.

गॅसवाल्या शॉकअपविषयी मोठा गैरसमज आहे. त्यातला नायट्रोजन वजन पेलण्यासाठी नसतो; दाबाखाली राहिलेल्या तेलात फेस होऊ नये, एवढ्यासाठी तो भरतात. सतत खडबडीत रस्त्यावर शॉकअप तापतो, तेव्हा त्याचा उपयोग होतो आणि नागपूरच्या मे महिन्यात तो नक्कीच जाणवेल. मात्र महागडी गाडी बहुधा वजनदारही असते. तिची स्प्रिंग आपल्या गाडीला कडक पडली, तर पैसे खर्चून दणके वाढतील. स्वस्त जोडीला लटकवलेली गॅसची चकचकीत टाकी तर पुष्कळदा नुसती शोभेची असते.

म्हणून जोडी निवडताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची, म्हणजे दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली लांबी मूळ शॉकअपइतकीच असावी. लांब शॉकअपने मागची बाजू उचलली जाऊन साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि हँडलची चाल बदलते. आखूड शॉकअपने टायर पुन्हा मडगार्डला लागेल. बुशचे (त्या भोकांतल्या नळीचे) माप आणि स्प्रिंग किती वजनासाठी आहे, हेही दुकानदाराला विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर आपल्याच मॉडेलची कंपनीची नवी जोडी घेणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे. एकच शॉकअप कधीही बदलू नये.

खरेदीपूर्वी टायरची हवा गार असताना चेनकव्हरवरील स्टिकरप्रमाणे भरून पाहावी, चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचे) बुश ढिले नाहीत ना ते पाहावे आणि सीटचा सात वर्षे दबलेला फोमही तपासावा. नवी जोडी बसल्यावर रामटेकला डबलसीट निघताना सी-पान्याने (कॉलर फिरवायच्या आकड्यासारख्या पान्याने) दोन्ही बाजूंची कॉलर सारखीच, एक-दोन खाचा वर घ्यावी आणि सोमवारी बुटीबोरीला जाण्यापूर्वी पूर्ववत करावी.